एकाच रांगेत नवखे आणि निष्णात
(प्रगत सामूहिक लोकनृत्यांतील एका व्यावहारिक प्रश्नाचा विचार)

लोकनृत्य म्हटले की आपल्यापुढे बहुधा रंगमंच उभा राहतो. युवक महोत्सवासाठी संघ निवडायचा, पंचवीस इच्छुकांतून दहा-बारा जण घ्यायचे, त्यांच्याकडून महिनाभर तालीम करून घ्यायची आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. परंतु लोकनृत्याचे मूळ रूप असे नाही. वारली पाड्यावरील तारपा, मंगळागौरीची फुगडी-झिम्मा, नवरात्रातील गरबा यांत नाचणारे आणि पाहणारे असे दोन वर्ग पाडलेले नसतात. जो येतो तो नाचतो. अशा नृत्याला आपण सामाजिक किंवा सामूहिक लोकनृत्य म्हणू. तेथे निवड नसते, म्हणूनच तेथे एक प्रश्न हमखास उभा राहतो: वर्षानुवर्षे नाचणारा आणि आजच आलेला, हे दोघे एकाच रांगेत उभे राहिले तर काय करावे? नृत्य सोपे असेल तर अडचण भासत नाही. नृत्य अवघड असेल तर मात्र एकाचा आनंद दुसऱ्याच्या चुकीवर अवलंबून राहतो.

या प्रश्नाचा सर्वांत जास्त ऊहापोह इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतील सामूहिक लोकनृत्यांच्या क्षेत्रात झालेला आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या नृत्यांच्या आधारे विचार केला आहे. आपल्याकडील उदाहरणे जेथे खरोखर लागू पडतात तेथेच घेतली आहेत.

१. नृत्याचा सांगाडा

जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक छापले. त्यात शंभराहून अधिक नृत्यांच्या चाली आणि कृती आहेत. त्यांतील अनेक नृत्ये दोन लांब रांगांची आहेत, आणि जोडप्यांच्या संख्येवर बंधन नाही. ज्यांना नाचावेसे वाटेल त्या सर्वांनी उभे राहावे अशीच ती रचना आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सेसिल शार्प याने ही विस्मृतीत गेलेली नृत्ये पुन्हा अभ्यासली आणि १९११ मध्ये इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन केली. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रांतात याच रांगनृत्याची 'कॉन्ट्रा' नावाची शाखा जिवंत राहिली होती. रॅल्फ पेज यांच्यासारख्यांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यावर टिकवून धरली, आणि पुढे तरुण पिढीने ती देशभर नेली.

कॉन्ट्राचा सांगाडा समजल्याखेरीज पुढील चर्चा समजणार नाही. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. वाद्यवृंदाच्या बाजूच्या टोकापासून दोन-दोन जोडप्यांच्या चौकड्या पाडतात. प्रत्येक चौकडीत टोकाकडील जोडपे 'एक नंबर' व दुसरे 'दोन नंबर'. चाल साधारण ६४ मात्रांची असते. तेवढ्या मात्रांत ठरलेल्या आकृत्या पूर्ण होतात आणि त्या संपताना एक नंबरचे जोडपे एक जागा खाली, तर दोन नंबरचे एक जागा वर सरकते. म्हणजे प्रत्येक आवर्तनात शेजारी बदलतो. मिनिटाला सुमारे १२० मात्रांची गती धरली तर एक आवर्तन ३२ सेकंदांत होते. नऊ मिनिटांत सुमारे सतरा आवर्तने होतात. रांगेच्या टोकाला पोहोचलेले जोडपे एक आवर्तन थांबते, आणि मग नंबर बदलून उलट दिशेने पुन्हा आत शिरते. आज्ञा पुकारणाऱ्यास कॉलर म्हणतात. संगीत सुरू होण्यापूर्वी कॉलर सर्व आकृत्या एकदा-दोनदा चालून दाखवायला लावतो; याला वॉक-थ्रू म्हणतात.

२. चूक कोणाची, भोगतो कोण?

गरब्याच्या वर्तुळात एखाद्याचे पाऊल चुकले तर ती चूक बहुधा त्याच्यापाशीच राहते. तारप्याच्या साखळीत नवखा हात गुंफून शिरतो आणि शेजाऱ्याच्या पायाने त्याचे पाय शिकतात. याच्या उलट आपला गोफ पाहा. वर बांधलेल्या रंगीत पट्ट्यांची वीण घालताना एकजण उजवीकडून जाण्याऐवजी डावीकडून गेला की वेणी बिघडते, आणि ती पुढे सर्वांनाच उलगडावी लागते. कॉन्ट्रा, इंग्लिश कंट्री डान्स आणि स्कॉटिश नृत्ये ही या दृष्टीने गोफाच्या जातीची आहेत. त्यांतील 'हे' नावाची आकृती तर पट्ट्यांशिवायचा गोफच म्हणावा: चौघेजण एका ओळीत येऊन एकमेकांच्या उजव्या-डाव्या खांद्यांजवळून विणत जातात.

त्यातून रांग सतत सरकत असल्यामुळे एका जोडप्याची गाठ एकामागून एक अनेक जोडप्यांशी पडते. चांगल्या नर्तकांनी आपापल्यात नाचावे आणि इतरांनी कोपऱ्यात नाचावे, असा तोडगा एका रांगेत संभवत नाही. येथे कौशल्यातील अंतर हा खाजगी प्रश्न न राहता सार्वजनिक प्रश्न होतो.

३. 'प्रगत' म्हणजे नेमके काय?

अवघड नृत्य असा सरसकट शब्द वापरल्याने गोंधळ होतो. अवघडपणाचे निदान चार प्रकार दिसतात. पहिला, शब्दसंग्रहाचा: आकृतीचे नाव ऐकताच शरीराने ती करावी लागते. दुसरा, स्मरणाचा: कॉलर काही आवर्तनांनंतर गप्प होतो आणि क्रम डोक्यात ठेवावा लागतो. तिसरा, दिशेचा: आपल्या चौकडीबाहेर जाऊन पुन्हा आपल्या जागी परतावे लागते. चौथा, लयीचा: प्रत्येक आकृती नेमक्या मात्रेवर संपवावी लागते, कारण पुढची आकृती कोणासाठी थांबत नाही.

एखादा संगीताचा विद्यार्थी लयीत पक्का पण दिशेत कच्चा असू शकतो. लेझीम खेळलेला मुलगा क्रम चटकन लक्षात ठेवील, पण जोडीदाराचा भार तोलून गिरकी घेणे त्याला जमणार नाही. म्हणून नर्तकांचे 'नवखे' आणि 'निष्णात' असे दोनच ढीग करणे चूक आहे.

याहून महत्त्वाचा भेद म्हणजे अवघड नृत्य आणि क्षमा न करणारे नृत्य यांतील. काही नृत्ये अवघड असली तरी त्यांत जोडीदारासह आठ किंवा सोळा मात्रांची गिरकी येते. तोवर जो चुकला तो धावत आपल्या जोडीदारापाशी पोहोचतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते. याउलट काही नृत्यांत आकृत्या साध्या असूनही एकीचा शेवट हीच दुसरीची सुरुवात असते. एक मात्रा हुकली की सावरायला जागाच नाही. मिश्र समुदायासाठी नृत्य निवडताना ते किती अवघड आहे याबरोबरच ते किती क्षमाशील आहे हेही पाहिले पाहिजे.

४. दारावर पायऱ्या बांधण्याचा प्रयोग

यावर एक सरळ उपाय सुचतो: पायऱ्या पाडाव्यात आणि ज्याने अमुक शिकले त्यालाच अमुक नृत्यात घ्यावे. अमेरिकेतील स्क्वेअर डान्समध्ये हे पद्धतशीरपणे घडले. कोलोरॅडोतील शिक्षक लॉइड शॉ यांच्या 'काउबॉय डान्सेस' (१९३९) या पुस्तकाने त्या नृत्याला नवजीवन मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची लाट आली. चार जोडपी चौकोनात उभी राहतात आणि कॉलर ऐनवेळी आज्ञांची नवनवी गुंफण करतो, त्यामुळे पाठ करण्याची सोय नाही. आठांपैकी एक हरवला की चौकोन मोडतो. आज्ञा वाढत गेल्या, तसा कॉलरांच्या 'कॉलरलॅब' या संघटनेने १९७४ नंतर त्यांचे टप्पे ठरविले: मेनस्ट्रीम, प्लस, मग अ‍ॅडव्हान्स्डचे दोन आणि त्यापुढे चॅलेंजचे अनेक.

ही व्यवस्था मूर्खपणाची नव्हती. आज्ञा प्रमाणित झाल्याने एका गावचा नर्तक परगावी, नव्हे परदेशीही, निर्धास्त नाचू शकला. पण किंमतही मोजावी लागली. पहिल्या सभेत मोकळेपणी नाचण्यापूर्वी नवख्याला अनेक महिने वर्गात बसावे लागू लागले. एवढा वेळ कोण देणार? निवृत्तांना तो असतो, तरुणांना नसतो. पुढील दशकांत या क्लबांची संख्या घटत गेली आणि सभासदांचे वय वाढत गेले. याला इतरही सामाजिक कारणे होती; तथापि लांबलेली शिकवणी हे त्यांतील एक कारण असल्याचे त्या क्षेत्रातील जाणकारच मानतात, आणि अलीकडे सुमारे पन्नास आज्ञांचा आटोपशीर कार्यक्रम आखण्यामागे हाच विचार आहे.

स्कॉटिश कंट्री डान्सने तिसरी वाट धरली. जीन मिलिगन आणि इझोबेल स्ट्युअर्ट यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये ग्लासगो येथे स्थापन झालेल्या संस्थेने शिक्षकांचे प्रशिक्षण व साप्ताहिक वर्ग यांवर भर दिला. मोठ्या नृत्यसमारंभापूर्वी तेथे नृत्यांची यादी त्यांच्या संक्षिप्त कृतींसह आधीच वाटली जाते. ज्याला यायचे आहे त्याने घरी तयारी करावी आणि जे झेपणार नाही त्यावेळी बसावे. येथे दार बंद नाही, पण दारापाशी प्रश्नपत्रिका आधीच लावलेली आहे!

कॉन्ट्राने दार उघडेच ठेवले. नृत्यापूर्वी नवख्यांसाठी अर्ध्या तासाचा पाठ, आणि मग सर्वांबरोबर रांगेत. याने समुदाय ताजा राहिला. पण तेथेही एक छुपी पायरी तयार झाली. अनुभवी नर्तक वाद्यवृंदासमोरच्या मधल्या रांगेत गर्दी करतात, पुढच्या नृत्याचे जोडीदार आधीच ठरवून ठेवतात, आणि कडेच्या रांगेत नवखे नवख्यांशीच नाचत राहतात. दारावर पाटी नसली तरी आत भिंत उभी राहते.

५. कॉलरने काय करावे?

प्रथम, सूचनाफलक प्रामाणिक असावा. 'प्रगतांसाठी' हा शब्द फसवा आहे. आत्मविश्वास असलेला कच्चा नर्तक तो वाचून येतो आणि विनयशील पक्का नर्तक घरी राहतो. त्याऐवजी नेमके लिहावे: 'वॉक-थ्रू दिला जाणार नाही, हे आणि कॉन्ट्रा कॉर्नर्स या आकृत्या येत असल्याचे गृहीत धरले आहे.' असे लिहिले म्हणजे माणूस स्वतःची परीक्षा स्वतः घेऊ शकतो आणि कोणाचा अपमान होत नाही.

दुसरे, अवघड आकृती प्रथम सोप्या नृत्यात आणावी. रात्री दहा वाजता पूर्ण 'हे' घ्यायची असेल तर आठ वाजता अर्धी घ्यावी. असे केल्यास अवघड नृत्याच्या वेळी नवख्यापुढे चार नवे प्रश्न न येता एकच येतो.

तिसरे, कार्यक्रमाचा चढउतार सांभाळावा. अंग आणि कान तयार झाल्यावर, पण थकवा येण्यापूर्वी, म्हणजे मध्यंतराच्या आसपास सर्वांत अवघड नृत्य असावे. शेवटी पुन्हा सोपे व आनंदी.

चौथे, प्रत्येक अवघड नृत्यामागे त्याच आकृतीचे एक सोपे नृत्य खिशात ठेवावे. दुसऱ्या वॉक-थ्रूनंतरही अनेक चौकड्या चुकीच्या जागी उभ्या असतील तर तिसऱ्यांदा समजावीत बसू नये. लांबलेल्या व्याख्यानाने नवखा घाबरतो व अनुभवी कंटाळतो. नृत्य बदलावे हे बरे.

६. उभे कोठे राहावे? एक गणित

'कोरस जिग' या जुन्या नृत्यात एक नंबरच्या जोडप्याला जवळजवळ सर्व काम असते. त्यातील कॉन्ट्रा कॉर्नर्स ही आकृती अशी: जोडीदाराला उजवा हात, एका तिरक्या कोपऱ्यावरच्याला डावा, पुन्हा जोडीदाराला उजवा, दुसऱ्या कोपऱ्यावरच्याला डावा. कोपऱ्यावरच्यांना मात्र योग्य वेळी डावा हात पुढे करून फिरण्यापलीकडे फारसे करावे लागत नाही.

समजा रांगेत बारा जोडपी आहेत. नवखे जोडपे दुसऱ्या जागी, म्हणजे दोन नंबर म्हणून उभे राहिले. पहिल्या आवर्तनानंतर ते टोकाला पोहोचेल, दुसऱ्यात थांबेल आणि तिसऱ्यात एक नंबर होऊन अवघड काम त्याच्या गळ्यात पडेल. तेच जोडपे दहाव्या जागी उभे राहिले तर? दर आवर्तनाला एक जागा वर सरकत नऊ आवर्तनांनी ते टोकाला येईल, दहाव्यात थांबेल आणि अकराव्यात एक नंबर होईल. म्हणजे प्रत्यक्ष काम अंगावर येण्यापूर्वी त्याने तीच आकृती नऊ वेळा जवळून पाहिलेली, कोपऱ्यावरून अनुभवलेली असेल. एक शब्दही न शिकवता केवळ जागेने शिकविलेला हा धडा आहे. म्हणून नवख्याला रांगेच्या पार टोकाला, जेथे थांबण्या-शिरण्याचा गोंधळ लगेच येतो, उभे करू नये. खालच्या अर्ध्या भागात पण शेवटच्या जागेपासून दूर, दोन नंबर म्हणून उभे करावे.

जोड्यांचेही असेच आहे. चोवीस नर्तकांत चार नवखे असून त्यांनी एकमेकांशी जोड्या जमविल्या, आणि एक जोडी एक नंबर व दुसरी दोन नंबर असली, तर दोन्ही परस्परांकडे सरकत येऊन कधीतरी एका चौकडीत भेटतील. त्या चौकडीत वाट दाखवणारा कोणीच नसेल. तेच चौघे चार अनुभवी जोडीदारांत वाटले गेले, तर कोणत्याही चौकडीत फार तर दोन नवखे असतील, बहुतेक वेळा एकच; आणि प्रत्येकाजवळ एक जाणता असेलच.

७. अनुभवी नर्तकाची कसोटी

अनुभवी नर्तकाने पहिले पथ्य पाळावे ते मौनाचे. कॉलर बोलत असताना शेजाऱ्याने कानाशी समजावू लागणे म्हणजे एका कानात दोन गाणी. मदत हाताने व डोळ्याने करावी: पुढचा हात थोडा आधी पुढे करावा, ज्या दिशेने जायचे तिकडे नजर द्यावी, आपल्या जागी वेळेवर उभे राहावे. खांदे धरून ढकलणे ही मदत नव्हे. ढकललेल्याला आपण कोठे आहोत हेच कळेनासे होते.

दुसरे, चुकलेली आकृती पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. ती सोडून द्यावी आणि पुढची आकृती जेथून सुरू होते तेथे जाऊन उभे राहावे. नवख्यालाही हेच प्रथम शिकवावे, कारण चूक न करणे पहिल्या दिवशी शक्य नसते, सावरणे मात्र शक्य असते. तिसरे, दोन्ही बाजूंनी नाचता यावे. आज अनेक मंडळांत पुरुष-स्त्री असे न म्हणता दोन बाजूंना 'लार्क' व 'रॉबिन' अशी पक्ष्यांची नावे देतात. ज्याला दोन्ही बाजू येतात त्याला समोरच्याचे कोठे अडले हे तत्काळ कळते.

एवंच, प्रगत नर्तक तो नव्हे ज्याला अवघड आकृत्या येतात. ज्याच्या चौकडीत आल्यावर नवख्याला आपण बरे नाचतो असे वाटू लागते तो प्रगत नर्तक.

८. निष्णातांचाही हक्क

परंतु एवढ्यावर थांबणे एकांगी होईल. दर आठवड्याला नवख्यांनाच सांभाळत राहिले तर चांगले नर्तक कंटाळतात आणि निघून जातात. मग नवख्यांना सांभाळायला कोणी उरत नाही. जातिवंत अवघड नृत्ये न नाचली गेल्यास ती विसरलीही जातील. तेव्हा निष्णातांना त्यांचा स्वतंत्र अवकाश हवाच. प्रश्न आहे तो किती आणि केव्हा याचा. दुपारचे सत्र अवघड नृत्यांचे आणि संध्याकाळ सर्वांची, ही तडजोड अनेक ठिकाणी रुळली आहे. तिच्यातील शहाणपण असे की दुपारी स्वतःसाठी नाचलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्यासाठी आनंदाने नाचतो. मात्र दुपार हळूहळू संध्याकाळ गिळू लागली, तर स्क्वेअर डान्सच्या पायऱ्यांची आठवण ठेवावी.

समारोप

आपल्या महाविद्यालयीन जीवनात या विचाराला जागा आहे असे वाटते. स्पर्धेचा संघ निवडावाच लागेल. त्याविषयी तक्रार नाही. पण स्नेहसंमेलनाच्या एखाद्या संध्याकाळी निवड न करता गोफ, टिपरी किंवा लेझीम सर्वांनी मिळून करायला काय हरकत आहे? संघातील मुलामुलींनी एकमेकांशेजारी उभे न राहता प्रत्येकी एका नवख्याशेजारी उभे राहावे, पट्ट्या कमी घ्याव्यात, वीण सोपी ठेवावी, आणि मग तासाभराने तीच वीण एक पायरी अवघड करावी. गोव्यातील मांडोच्या समोरासमोरच्या रांगा असोत, आपल्या अंगणातली फुगडी असो, ही नृत्ये तालमीच्या खोलीत जन्मली नाहीत. ती समारंभांत आणि अंगणांत, वयाने व कौशल्याने विषम माणसांच्या सोबतीने वाढली. विषमता हा त्यांच्यातला दोष नसून ती त्यांची माती आहे. त्या मातीत उत्तम पीक कसे काढावे, एवढाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर नवख्यापेक्षा निष्णाताच्या हातात अधिक आहे.